तिसावी कॅप्सूल

८ ऑक्टोबर

चावी,

दुकानात फोन घ्या म्हणून पुन्हा लिहिलंयस. फोनवर तू भराभर बोलतेस, मी हो हो म्हणतो आणि ठेवल्यावर काय ठरलं तेच आठवत नाही. कागद बरा. पुन्हा वाचता येतो.

मोठी बातमी अशी की बाजारातल्या मनोऱ्याच्या घड्याळाचं काम मला मिळालं. अकरा वर्षं ते काटे चार वाजून वीस मिनिटांवर अडकलेत. माझे उस्ताद त्याला दर सोमवारी चावी द्यायचे आणि मी त्यांचा कंदील धरायचो. नगराध्यक्ष म्हणाले, "सत्तावीस तारखेला बाराच्या ठोक्याला सुरू करून दाखवा. नाही झालं तर अठ्ठावीसला विजेचं घड्याळ बसेल आणि हे यंत्र भंगारात जाईल." विजेच्या घड्याळाचा एजंट शेजारीच बसला होता. हसत होता. हसू दे.

किरकोळ गोष्ट म्हणजे एका जुन्या घड्याळाची स्प्रिंग सुटली आणि उजव्या अंगठ्यात घुसली. अंगठा सुजला. डॉक्टरीणबाईंनी एकवीस कॅप्सूल दिल्या, दिवसाला तीन, सात दिवस. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, मग मी थांबलो. घड्याळ चालू झालं की झाकण लावायचं, उगाच आत बोटं घालत बसायचं नाही, हे उस्तादांनी शिकवलंय. नऊ कॅप्सूलमध्ये काम झालं आणि बारा वाचल्या. त्यातल्या चार शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला दिल्या, बिचारा सर्दीनं बेजार होता. आठ स्क्रूच्या रिकाम्या डबीत ठेवून वर चिठ्ठी डकवली आहे: 'जखम, सूज, ताप'. बघ, औषधाच्या दुकानदारीत तुझा बापही कमी नाही.

तुझी पदवी चौकट करून दुकानात लावली. दुरुस्त झालेली घड्याळं देण्याआधी आठ दिवस ज्या भिंतीवर टांगून बघतो, तिथंच एक खिळा मोकळा होता. काल एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे चालतं का?" म्हटलं, निरीक्षणाखाली आहे.

बाबा


१० ऑक्टोबर

प्रिय बाबा,

मनोऱ्याची बातमी वाचून मी वसतिगृहाच्या जिन्यात ओरडले. खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली. पण त्यापुढचा परिच्छेद वाचला आणि तिथंच पायरीवर बसले.

बाबा, मी दिवसभर रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीत उभी असते. समोर आलेल्या प्रत्येकाला सांगते की बरं वाटलं तरी आपल्या मनानं औषध बंद करायचं नाही, उरलेलं साठवायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि माझ्याच घरात तिन्ही गोष्टी झाल्या, त्याही चिठ्ठी डकवून!

सूज उतरली म्हणजे जंतू संपले असं नसतं. दुबळे आधी मरतात, चिवट मागे राहतात. औषध मध्येच थांबलं तर तेच पुन्हा वाढू शकतात, आणि मग तेच औषध त्यांना पुरत नाही. किती दिवस घ्यायचं हे जखम, औषध आणि माणूस बघून डॉक्टर ठरवतात. अंगठ्याला विचारून ठरवायचं नसतं. चष्मेवाल्या काकांच्या सर्दीवर तर या कॅप्सूल चालतच नाहीत. सर्दीचे विषाणू वेगळे, त्यांना याचं काही वाटत नाही. त्यांना आधी कधी एखादं औषध बाधलंय का, हे तरी विचारलंत का?

आजच डॉक्टरीणबाईंकडे जा आणि मध्येच थांबवल्याचं खरं सांगा. डबीतल्या कॅप्सूल आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका.

माझं काम छान चाललंय. काळजी नको.

तुमची चावी


१३ ऑक्टोबर

चावी,

अंगठा उत्तम आहे. कामाच्या गडबडीत आहे म्हणून दोनच ओळी. मनोऱ्यातून कबुतरांची घरटी काढली. मोठं चाक शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंकडे सवडीनं जाईन.

बाबा


१५ ऑक्टोबर

आत्या,

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावानं, शिवणाच्या वर्गाच्या पत्त्यावर पाठवते आहे. बाबांच्या हाती देऊ नकोस.

त्यांचं परवाचं पत्र आलं. अक्षरं डावीकडे कलली आहेत आणि ओळ चढत चढत कागदाच्या कोपऱ्यात गेली आहे. तासाच्या काट्यावर भिंगाखाली नक्षी कोरणारा माणूस असं लिहीत नाही. ते डाव्या हातानं लिहिलंय. हो ना?

आई गेल्यापासून तू या घरात कधी खोटं बोलली नाहीस. फक्त माझ्या भाजीला छान म्हणायचीस तेवढं सोडून. खरं काय ते लिही.

चावी


१८ ऑक्टोबर

पोरी,

तुझ्या पत्राची वाटच बघत होते. दादानं मला शपथ घातली होती की आपणहून काही कळवायचं नाही. पण कुणी विचारलं तर सांगायचं नाही, असं तो म्हणाला नव्हता. तेव्हा ऐक.

तेरा तारखेला अंगठा पुन्हा सुजला. वांग्यासारखा झाला म्हण. तरी तो मनोऱ्यावर चढायचा. विचारलं की म्हणे, "कबुतरांनी टोचलंय." सोळाला ताप आला आणि मनगटापर्यंत लाल रेघ दिसायला लागली. सतराला सकाळी त्याला हाताला धरून नेलं. दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या. डॉक्टरीणबाईंनी चीर देऊन पू काढला, त्यातला थोडा तपासायला पाठवला. मग विचारलं, "सात दिवसांचं औषध दिलं होतं ना?" दादा छताकडे बघायला लागला. मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत गं, त्याचंच मला भ्यायला झालं. शांतपणे म्हणाल्या, "अंगठा वाकवणाऱ्या आतल्या दोरीपर्यंत हे गेलं तर अंगठा ताठ राहील. मग चिमटा धरता येणार नाही." दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या हातात चिमटा नाही असा एक दिवस मी पाहिलेला नाही.

आता दुसरं, जास्त जोराचं औषध दिलंय. तीस कॅप्सूल, दहा दिवस, दर आठ तासांनी: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, जेवून किंवा काहीतरी खाऊन. पहिली काल रात्री दहाला घेतली. तीन दिवसांनी जखम दाखवायला जायचंय.

आणि तो चष्मेवाला! दादाच्या औदार्यानं त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. बायकोनं तसाच दवाखान्यात नेला म्हणून वाचला. लहानपणी असंच एक औषध बाधलं होतं म्हणे, पण विचारलं कुणी? आता बरा आहे. दादा त्याच्या समोरून जाताना मान वर करत नाही.

घड्याळ अर्धं उघडं पडलंय. एजंट रोज मनोऱ्याखाली चक्कर मारतो.

आत्या


१९ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

आत्यावर रागावू नका. तुमच्या अक्षरांनी आधीच चुगली केली होती.

मीही रागावणार नाही. आधी फार रागावले होते, आता एकच प्रश्न विचारते. घड्याळ दुरुस्त झालं, टिकटिक सुरू झाली, की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला का देत नाही तुम्ही? लहानपणी मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "चालायला लागणं वेगळं आणि चालत राहणं वेगळं. पहिल्या दिवशी सगळीच चालतात. खोट असली तर पाचव्या-सहाव्या दिवशी कळते." माणसं दारात भांडायची तरी तुम्ही आठ दिवस भिंतीवरून घड्याळ काढायचा नाहीत.

मग अंगठा तिसऱ्या दिवशी भिंतीवरून का काढलात? उस्तादांनी झाकण लावायला शिकवलं असेल, पण ही भिंतही त्यांचीच ना?

एवढं करा. वेळा पाळा. एखादी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढचीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. अंगावर पुरळ आलं, चेहरा सुजला, श्वास लागला तर माझ्या पत्राची वाट बघू नका, लगेच दवाखाना. आणि तुम्ही आम्लपित्तासाठी ती पांढरी गोळी चघळता, ती डॉक्टरीणबाईंना सांगितली आहे का? काही औषधं अशा गोळीबरोबर घेतली तर अंगात नीट मुरतच नाहीत. हे औषध त्यातलं आहे का, विचारून घ्या.

मनोरा होईल, बाबा. तुमचा अंगठा राहिला तर मनोरा शंभर वेळा होईल.

चावी


२१ ऑक्टोबर

चावी,

मी सांगतोय आणि तुझी आत्या लिहितेय. (मी जसंच्या तसं लिहितेय, पण कंसातलं माझं.)

तुझं पत्र दुकानात वाचलं. मग त्या भिंतीकडे बघत बसलो. (अर्धा तास. चहा गार झाला.)  बापाला त्याच्याच चिमट्यात धरलंस.

जखम काल दाखवली. पू थांबलाय, लाल रेघ गेली, अंगठा वाकतो. तपासणीचा कागद आला, औषध बरोबर बसलंय म्हणाल्या. पांढऱ्या गोळीचं विचारलं. त्या म्हणाल्या, बरं झालं विचारलंत, या औषधाबरोबर ती नकोच, औषध संपेपर्यंत बंद ठेवा. (हा कॅप्सूल गिळून वर लगेच ती चघळत होता!)

आता अडचण ऐक. पोट बिघडलंय. दिवसाला दोन-तीनदा जावं लागतं. मनोऱ्याला ब्याण्णव पायऱ्या आहेत आणि वर सोय नाही. (काल चाळिसाव्या पायरीवरून परत पळाला. सगळ्या बाजारानं पाहिलं.) अंगठा तर बरा दिसतोय. सहा दिवस उरलेत आणि काम दहा दिवसांचं. खरं सांगायचं तर कॅप्सूल बंद करून वर चढावं असं रोज दुपारी दोन वाजता वाटतं. पण तुझं उत्तर येईपर्यंत बंद करणार नाही. शब्द देतो.

उजवा हात अजून कामाला लावायचा नाही असा हुकूम आहे. म्हणून मी चष्मेवाल्याकडे गेलो. माफी मागितली. म्हटलं, बारीक स्क्रू फिरवणारा हात या बाजारात माझ्यानंतर तुझाच. तो म्हणाला, "आधी मला गांधी आणल्यास, आता मनोऱ्यावर चढव." पण आला. मी सांगतो, तो फिरवतो. (दिवसभर एकमेकांना शिव्या देतात. दोघांची तब्येत सुधारली आहे.)

रिकाम्या वेळी डाव्या हातानं एक वस्तू केली, सोबत पाठवतो. पुठ्ठ्याची तबकडी. सहा, दोन आणि दहा यांवर लाल ठिपके, उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र. एकच काटा. कॅप्सूल घेतली की काटा पुढच्या ठिपक्यावर सरकवायचा. म्हणजे घेतली की नाही हा वाद राहत नाही. (वाद रोज व्हायचा.) एकही चुकलेली नाही.

बाबा


२३ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

बंद करू नका आणि सहनही करत बसू नका. हे पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना पोटाचं सांगा. या औषधांनी पोट थोडं बिघडतं, बहुधा तेवढंच असेल, पण ते त्यांनी ठरवायचं. रक्त पडलं, फार पातळ आणि वारंवार व्हायला लागलं किंवा पोटात कळा आल्या तर तासभरही थांबू नका. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनानं घेऊ नका. पाणी भरपूर प्या. औषध बदलायचं, थांबवायचं की चालू ठेवायचं, हा निर्णय त्यांचा. तुमचा नाही, माझाही नाही.

तुम्ही शब्द दिलात आणि खरं सांगितलंत. म्हणून मीही सांगते. माझं काम छान चाललेलं नाही. खिडकीशी मी एकेका माणसाला फार वेळ समजावते म्हणून रांग दारापर्यंत जाते. लोकांनी तक्रार केली. आमच्या विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "इथे वर्ग भरवायचा नाहीये." दहा तारखेपासून मी मागच्या कोठारात खोकी मोजते आहे. आपल्या घरातली पहिली पदवीधर, आणि मी खोकी मोजते, हे तुम्हाला लिहिवेना.

आज तुमची तबकडी घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, वाचता न येणाऱ्या माणसालाही ही अर्ध्या मिनिटात कळते. त्यांनी काटा फिरवून पाहिला. कुणी केली विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी, डाव्या हातानं, एकही कॅप्सूल न चुकवता.  तबकडी खिशात घालून निघून गेल्या.

ती आता परत मिळेल असं वाटत नाही. माफ करा.

चावी


२६ ऑक्टोबर

बाबा!

घाईत लिहिते. मोठ्या बाईंनी तुमची तबकडी तीन दिवस स्वतःच्या सासूबाईंवर वापरून पाहिली! आज सकाळी कोठाराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "खोकी पुरे. खिडकीवर चल." वेळांचे ठिपके आम्ही चिठ्ठी बघून लावायचे, काटा घरच्यांनी फिरवायचा. छापखान्यात पाचशे तबकड्या टाकल्या आहेत. तोवर पुठ्ठा हातानं कापून केलेली पहिली मी एका गवंड्याला दिली. त्यानं काटा फिरवला आणि म्हणाला, "एवढंच ना? मग आधी कुणी का नाही सांगितलं?" रांग दारापर्यंत गेली नाही, बाबा. मी मोजली. नऊ माणसं.

उद्या सत्तावीस. बाराला मी खिडकीत उभी राहून मनातल्या मनात टोले मोजणार आहे.

चावी


२८ ऑक्टोबर

चावी,

अक्षर बघ. उजवा हात. थोडं थरथरतं, पण सरळ आहे.

पोटाचं पंचवीसला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, चार प्रश्न विचारले, औषध चालू ठेवा म्हणाल्या. आणि मी सकाळची नुसत्या चहावर घेत होतो ते पकडलं. पोटभर खाऊन घ्यायला लागलो तसं पोट ताळ्यावर आलं. काल सकाळी पट्टी सोडली आणि म्हणाल्या, "आता हलकं काम करा."

काल बाराला सगळा बाजार खाली जमला होता. नगराध्यक्ष, हार, बाकं. मी वर लंबक सोडला. घड्याळ चाललं, काटे बारावर आले, आणि टोला पडला नाही. एकही नाही. खालून आधी कुजबूज, मग हसू ऐकू आलं. नगराध्यक्षांनी वर हाक मारली, "काय हो घड्याळवाले, आजचाच दिवस आहे, उद्या विजेचं बसेल!" एजंटानं तर तिथल्या तिथं आपल्या कराराचा कागद उघडला.

चष्मेवाला रडकुंडीला आला. मी एकेक जोड तपासत गेलो. दीड वाजता सापडलं. हातोडा उचलणारा दांडा केसभर अलीकडे होता. तिथं डोळा पोचत नाही आणि भिंगही. अंगठ्याच्या पेरानं चाचपूनच स्क्रू बसवावा लागतो, उस्तादही तसंच करायचे. मी हात आत घातला. चावी, अंगठा वाकला. ताठ राहिला असता तर आज ते यंत्र भंगारात असतं. मी तिथंच थोडा वेळ हात आत ठेवून थांबलो.

स्क्रू बसला तेव्हा दोनला पाच कमी होते. मागे धापा ऐकू आल्या म्हणून वळलो तर तुझी आत्या! दुसऱ्या मजल्यावर जायलाही कुरकुर करणारी बाई ब्याण्णव पायऱ्या चढून आली होती, हातात डबा, पाण्याची बाटली आणि पदराला बांधलेली एक कॅप्सूल. मी म्हटलं, "अगं, पाच मिनिटांत टोले पडायचेत!" ती म्हणाली, "पडू देत. आधी चार घास खा. नाहीतर मी लंबक धरून उभी राहीन."

नगराध्यक्ष, एजंट आणि सगळा बाजार माना वर करून बघतोय, आणि मी मनोऱ्यात मांडी घालून जेवतोय. मोठं चाक फिरलं, दांडा उचलला गेला आणि पहिला टोला पडला. कबुतरं उडाली. दुसरा पडला, तेव्हा मी तिसावी कॅप्सूल गिळली. अकरा वर्षांनी या मनोऱ्यानं वाजवलेली पहिली वेळ माझ्या औषधाची होती! खाली असा ओरडा झाला की चष्मेवाल्यानं मला मिठी मारली आणि त्याचा स्वतःचाच चष्मा फुटला. एजंटाला मी आज चहा पाजला.

नगराध्यक्ष 'दुरुस्त' असं लिहून सही मागत होते. मी दिली नाही. म्हटलं, आठ दिवसांनी. डॉक्टरीणबाईंनी मलाही आठ दिवसांनी दाखवायला बोलावलंय. आम्ही दोघंही अजून भिंतीवर आहोत.

स्क्रूच्या डबीतल्या त्या आठ कॅप्सूल दवाखान्यात परत दिल्या. डबीत पुन्हा स्क्रू आहेत.

आणि तुझी पदवी निरीक्षणाच्या भिंतीवरून काढली. माझ्या टेबलावर ते एक घड्याळ आहे ना, ज्यावरून मी बाकी सगळी लावतो, आता ती त्याच्या शेजारी आहे. आजच एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे विकायचंय का?"

म्हटलं, नाही. यावर वेळ लावतो आम्ही.

बाबा